इंडियाना विसाव्या क्रमांकावर? मोसमपूर्व क्रमवारीशी माझा मतभेद

चुनखडी | 12 ऑगस्ट 2025, सकाळी 9.10

अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलची असोसिएटेड प्रेसची मोसमपूर्व क्रमवारी काल जाहीर झाली आणि तिच्यात इंडियाना विद्यापीठाचा संघ विसावा आहे. वरची चौकडी टेक्सास, पेन स्टेट, ओहायो स्टेट आणि क्लेम्सन अशी आहे. गेल्या मोसमात 11 सामने जिंकून अवघे 2 हरलेला, बारा संघांच्या प्लेऑफमध्ये (राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत) पोहोचलेला आणि जानेवारीत याच क्रमवारीत दहाव्या स्थानी असलेला संघ मधल्या सात महिन्यांत एकही सामना न खेळता दहा पायऱ्या खाली कसा उतरला, हा माझा प्रश्न आहे. मी या विद्यापीठाच्या गावापासून, ब्लूमिंग्टनपासून, तासाभराच्या अंतरावर राहतो आणि मुलगी तिथेच शिकते, त्यामुळे मी तटस्थ नाही हे आधीच सांगून टाकतो.

इंडियानाविरुद्ध सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप असा की, गेल्या वर्षी त्यांना सोपे प्रतिस्पर्धी मिळाले आणि खरी परीक्षा आली तेव्हा ते हरले. हे खरे आहे. पण ते कोणाकडून हरले ते पाहा. ओहायो स्टेटने त्यांना 38-15 असे हरवले आणि प्लेऑफच्या पहिल्या फेरीत नोत्र दामने 27-17 असे. जानेवारीत राष्ट्रीय विजेतेपदाचा अंतिम सामना याच दोन संघांत झाला. म्हणजे इंडियानाला ज्यांनी हरवले त्यांतला एक संघ देशात पहिला आला आणि दुसरा दुसरा. याला परीक्षेत नापास होणे म्हणायचे असेल, तर त्या वर्षी पास झालेल्यांची यादी फारच लहान निघेल.

दुसरा मुद्दा खेळाडूंचा. पास देऊन आक्रमण चालवणारा क्वार्टरबॅक कर्टिस रूर्क गेला, हे नुकसान मान्यच आहे. मात्र त्याच्या जागी कॅलिफोर्निया विद्यापीठातून आलेल्या फर्नांडो मेंडोझाने गेल्या वर्षी सहा सामने जिंकून सात हरलेल्या, क्वार्टरबॅकचे रक्षण करणारी फळी सतत कोसळणाऱ्या संघाकडून खेळताना 3,004 यार्डांचे पासेस दिले होते. बचावातला लाइनबॅकर एडन फिशर, प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला दहा वेळा पाडणारा मिकाइल कमारा, बचावातलाच कॉर्नरबॅक डिअँजेलो पाँड्स आणि पास झेलून 957 यार्ड मिळवणारा रिसीव्हर एलायजा सॅरट हे सगळे परत आले आहेत. हे चौघेही प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांच्याबरोबर जेम्स मॅडिसन विद्यापीठातून इकडे आले होते. शिवाय नोत्र दामचा सेंटर पॅट कूगन आता इंडियानाच्या फळीच्या मधोमध उभा राहणार आहे. आमच्या संघाला हरवणाऱ्या फळीतलाच माणूस आमच्याकडे आला, याची नोंद मतदारांनी घेतलेली दिसत नाही.

माझ्या मते खरे कारण वेगळेच आहे. इंडियानाचे आडनाव फुटबॉलमधले नाही. इथल्या लोकांनी बास्केटबॉलमध्ये पाच राष्ट्रीय विजेतीपदे पाहिली. फुटबॉलमध्ये मात्र या विद्यापीठाचा पराभवांचा ढीग देशातल्या सर्वांत उंच ढिगांपैकी एक आहे आणि बोलसामन्यातला (मोसमाअखेरच्या निमंत्रितांच्या सामन्यातला) त्यांचा शेवटचा विजय 1991 सालचा आहे. मतदार संघ पाहत नाहीत, ते घराणे पाहतात. टेक्सासचा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग याने गेल्या मोसमात सुरुवातीपासून खेळलेले सामने अवघे दोन. पण आजोबा आर्ची, काका पेटन आणि इलाय हे तिघेही नामवंत क्वार्टरबॅक. टेक्सास इतिहासात पहिल्यांदाच मोसमपूर्व यादीत अव्वल ठरला, त्यात या आडनावाचा वाटा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या यादीत इंडियाना अकरावा आहे.

प्रश्नार्थक | 12 ऑगस्ट 2025, सकाळी 11.35

मी पुण्याहून लिहितो आणि हा खेळ भाच्याच्या आग्रहाखातर दोनच वर्षे पाहतो आहे, म्हणून प्रश्न प्राथमिक वाटल्यास क्षमा असावी. एकही सामना झालेला नसताना ही क्रमवारी नेमकी कशावरून लावतात आणि तिचा पुढे उपयोग काय? आमच्याकडे या प्रकाराला ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ असे म्हणतात.

आकडेमोड | 12 ऑगस्ट 2025, दुपारी 1.20

प्रश्नार्थक, तुमचा प्रश्न प्राथमिक नाही, मुळावरचा आहे. असोसिएटेड प्रेसची क्रमवारी 1936 पासून आणि मोसमपूर्व यादी 1950 पासून निघते. देशभरातले साठेक क्रीडापत्रकार आणि समालोचक मतदान करतात. प्रत्येक जण पंचवीस संघांची यादी देतो. पहिल्या संघाला 25 गुण, दुसऱ्याला 24, असे करत पंचविसाव्याला 1 गुण मिळतो आणि सर्वांच्या गुणांची बेरीज होते. निकष लिहून दिलेला नसतो. कोणी गेल्या वर्षीच्या कामगिरीचे बक्षीस म्हणून मत देतो, कोणी पुढच्या चार महिन्यांचे भाकीत म्हणून, तर कोणी आज सामना झाला तर कोण जिंकेल असा विचार करून. तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे एकाच बेरजेत घातली जातात, हा या क्रमवारीचा मूळ दोष आहे आणि चुनखडी यांनी त्याचा उल्लेखही केलेला नाही.

विसावा क्रमांक म्हणजे सर्वांनी विसावा म्हटले, असेही नव्हे. समजा, एका मतदाराने एखादा संघ दहावा ठेवला, तर त्या संघाला 16 गुण मिळतात. दुसऱ्याने त्याला यादीत घेतलेच नाही, तर शून्य. सरासरी येते आठ, आणि आठ गुण अठराव्या संघाला मिळतात. ज्या स्थानावर दोघांपैकी एकानेही त्या संघाला ठेवलेले नाही, नेमके तेच स्थान छापून येते. इंडियानासारख्या मतभेदाच्या संघांबाबत हे हमखास घडते. आणि घराण्याच्या जोरावर येणाऱ्या संघांना कोणीच यादीबाहेर ठेवण्याचे धाडस करत नसल्यामुळे त्यांची सरासरी आपोआप वर राहते. म्हणजे चुनखडी यांच्या आडनावाच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण त्याला मतदारांचा आकस लागत नाही, अंकगणित पुरते.

उपयोगाचे म्हणाल, तर औपचारिक उपयोग आज काहीच नाही. प्लेऑफचे संघ निवडणारी समिती वेगळी आहे आणि तिची पहिली यादी नोव्हेंबरात येते.

कोलंबसवासी | 12 ऑगस्ट 2025, रात्री 8.05

चुनखडी, तुमचा लेख वाचनीय आहे, परंतु त्यातला युक्तिवाद मला पटला नाही. ओहायो स्टेटचे शहर माझ्या नावातच असल्यामुळे माझाही कल कुठे आहे ते उघड आहे.

गेल्या मोसमात इंडियानाने जे अकरा सामने जिंकले, त्या अकरा प्रतिस्पर्ध्यांपैकी एकही संघ मोसमाअखेर पहिल्या पंचविसांत नव्हता. मिशिगनला त्यांनी 20-15 हरवले, पण तो आदल्या वर्षीचा विजेता मिशिगन राहिला नव्हता. विजेत्या आणि उपविजेत्याकडून हरणे हे सन्मानाचे असेल. मात्र त्यावरून इंडियाना त्यांच्या खालोखाल होता असे सिद्ध होत नाही. ते कुठे होते ते आपल्याला ठाऊक नाही, एवढेच सिद्ध होते, कारण मधल्या कोणाशी त्यांची गाठच पडली नाही. नोत्र दामविरुद्धच्या सामन्यात शेवटच्या दीड मिनिटात केलेले दोन टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेऊन मिळवलेले गुण) सोडले, तर धावफलक 27-3 होता, हेही लक्षात असू द्यावे.

दुसरे म्हणजे, एकाच मोसमाच्या चमत्कारावर भाळणाऱ्या मतदारांना अलीकडेच ठेच लागली आहे. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा संघ 2022 च्या मोसमात थेट अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि जॉर्जियाकडून 65-7 असा हरला. पुढच्या ऑगस्टमध्ये तो सतरावा होता. पहिल्याच सामन्यात कोलोराडोने त्याला 45-42 हरवले आणि मोसम 5 विजय, 7 पराभव असा संपला. गेल्या वर्षी फ्लोरिडा स्टेट मोसमपूर्व यादीत दहावा होता, पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) नवा क्वार्टरबॅक आणला होता, डब्लिनला जाऊन जॉर्जिया टेककडून 24-21 हरला आणि शेवटी 2-10 वर थांबला. पुढच्याला ठेच, मागचा शहाणा. दरवर्षी निम्मा संघ दुसऱ्या विद्यापीठांतून गोळा करणाऱ्या प्रशिक्षकाला विसावे स्थान देणे, हे माझ्या दृष्टीने औदार्यच आहे.

चुनखडी | 12 ऑगस्ट 2025, रात्री 10.40

कोलंबसवासी, फ्लोरिडा स्टेटचे उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूने दिलेत. ते दहावे कसे आले? घराण्यावर. त्याच ऑगस्टमध्ये इंडियाना यादीत नव्हता आणि तो ज्या गटात खेळतो त्या बिग टेनच्या अठरा संघांत पत्रकारांनी त्याला सतरावे स्थान दिले होते. एकाच वर्षात एका संघाला नावामुळे चढवले आणि दुसऱ्याला नावामुळे उतरवले; दोन्ही अंदाज चुकल्यावर यंदा पुन्हा तीच फूटपट्टी वापरली आहे.

पोर्टलविषयी म्हणाल, तर उसनवारीतही फरक असतो. सिग्नेटी यांनी जेम्स मॅडिसनहून आणलेल्या मुलांना त्यांची पद्धत आधीपासून ठाऊक होती, सहायक प्रशिक्षकही तेच होते. त्याला गोळाबेरीज म्हणता येणार नाही. बिऱ्हाडच्या बिऱ्हाड हलवले होते ते. हा माणूस गावोगाव जिंकत आला आहे. जेम्स मॅडिसनमध्ये त्यांची कामगिरी 52 विजय, 9 पराभव अशी होती. इंडियानात आल्यावर डिसेंबर 2023 मधल्या एका पत्रकार परिषदेत, तुमच्या कल्पना तुम्ही खेळाडूंच्या गळी कशा उतरवता, असे विचारल्यावर ते म्हणाले होते की, मी जिंकतो, गूगलवर शोधा. उद्धटपणा आहे, पण शोधले तर खरे निघते.

बॉयलरखोलीतला | 13 ऑगस्ट 2025, सकाळी 7.50

पर्ड्यूचा माजी विद्यार्थी या नात्याने इंडियानाची बाजू घेणे माझ्या जिवावर येते. तरीही एक डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी 30 नोव्हेंबरला ओल्ड ओकन बकेट या करंडकासाठीच्या पर्ड्यू-इंडियाना सामन्यासाठी मी ब्लूमिंग्टनला गेलो होतो. थंडी अशी होती की, हातमोजे घालूनही थर्मासचे झाकण उघडता येत नव्हते. आम्ही 66-0 असे हरलो. आमच्या रांगेतले लोक मध्यंतरालाच उठून गेले. परत जायला गाडी माझी नसल्यामुळे मला थांबावे लागले, आणि म्हणूनच मला शेवटचा क्वार्टर दिसला. साठाच्या घरात आघाडी असताना इंडियानाची बचाव फळी प्रत्येक खेळीच्या आधी एकमेकांना हातवारे करून जागा बदलत होती आणि कडेला उभे असलेले सिग्नेटी, सामना बरोबरीत असल्यासारखे, कपाळाला आठ्या घालून सहायकाशी बोलत होते. आम्ही त्या वर्षी एकच सामना जिंकलो होतो, तेव्हा आमच्याविरुद्धच्या गुणांना फार किंमत देऊ नये हे कोलंबसवासी यांचे म्हणणे बरोबरच आहे. मी गुणांविषयी बोलत नाही, त्या आठ्यांविषयी बोलतो आहे. मी असतो तर इंडियानाला पंधरावा ठेवला असता, आणि त्याहून वर ठेवताना माझा हात थरथरला असता.

जुनाजाणता | 13 ऑगस्ट 2025, दुपारी 12.15

या क्रमवारीला औपचारिक उपयोग नाही, असे आकडेमोड म्हणतात. ते आज बरोबर आहे, पण हा वाद निरर्थक नाही हे कळण्यासाठी 2004 आठवावे लागेल.

त्या वर्षी मोसमपूर्व यादीत सदर्न कॅलिफोर्निया पहिला, ओक्लाहोमा दुसरा आणि ऑबर्न सतरावा होता. तिघेही नियमित मोसमात एकही सामना हरले नाहीत. अंतिम सामन्याला जागा दोनच, आणि त्या ठरवणाऱ्या सूत्रात असोसिएटेड प्रेसच्या मतदानाला एक तृतीयांश वजन होते. वरचे दोन संघ जिंकत राहिले, त्यामुळे त्यांना खाली ओढायला कोणाकडे कारण नव्हते. ऑबर्न जिंकत वर चढत राहिला आणि तिसऱ्या पायरीवर येऊन अडकला. शर्यत सुरू होण्याआधीच त्याला पंधरा पावले मागे उभे केले होते. अंतिम सामन्यात सदर्न कॅलिफोर्नियाने ओक्लाहोमाचा 55-19 असा धुव्वा उडवला, तेव्हा दुसऱ्या जागेवर ऑबर्न असता तर काय झाले असते, हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिला. त्याच हिवाळ्यात असोसिएटेड प्रेसने आपली क्रमवारी त्या सूत्रातून काढून घ्यायला लावली. पुढच्या वर्षी तिच्या जागी हॅरिस मतदान आले, आणि त्याची पहिली यादी मुद्दाम सप्टेंबरच्या अखेरीस काढण्यात आली. ऑगस्टच्या यादीतला दोष त्या वेळी व्यवस्थेनेच मान्य केला, असे मी समजतो.

आता बारा जागा असल्यामुळे असा अन्याय पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर होणार नाही. तो अकराव्या, बाराव्या आणि तेराव्या क्रमांकांच्या सीमेवर होईल. चुनखडी यांच्या संघाने दोन सामने गमावले तर विसावे असणे आणि अकरावे असणे यातला फरक त्यांना नोव्हेंबरात जाणवेल. समिती आपली यादी कोऱ्या कागदावरून सुरू करते असे म्हणतात. पण समितीतली माणसे ऑगस्टपासून दूरचित्रवाणी बघतच असतात, आणि पडद्यावर संघाच्या नावाआधी तो आकडा दिवसरात्र झळकत असतो.

आकडेमोड | 13 ऑगस्ट 2025, दुपारी 2.30

ऑबर्नचे उदाहरण चपखल आहे. त्याच्या शेजारी उलट उदाहरणही ठेवतो, म्हणजे पारडे एकीकडे झुकणार नाही. हाच ऑबर्न 2010 मध्ये मोसमपूर्व यादीत बाविसावा होता आणि राष्ट्रीय विजेता ठरला. ब्रिगहॅम यंग विद्यापीठ 1984 मध्ये यादीतच नव्हते आणि तेही विजेते ठरले. खालून वर येता येते. मात्र त्यासाठी बहुधा एकही सामना न हरण्याची अट असते, जी वरून सुरुवात करणाऱ्यांना नसते.

कोलंबसवासी | 14 ऑगस्ट 2025, सकाळी 6.55

ती अट इंडियाना पूर्ण करणार असेल, तर मी आनंदाने माघार घेईन. ऑटझन स्टेडियममध्ये ओरेगनला, आयोवा सिटीत आयोवाला आणि हॅपी व्हॅलीत पेन स्टेटला हरवायचे आहे. मोसमाची सुरुवात मात्र ओल्ड डोमिनियन, केनेसॉ स्टेट आणि इंडियाना स्टेट अशा पाहुण्यांना घरी बोलावून होणार आहे. माझे भाकीत नऊ विजय, तीन पराभव असे आहे. विसावा क्रमांक त्याला शोभून दिसतो.

चुनखडी | 14 ऑगस्ट 2025, सकाळी 9.00

माझे दहा आणि दोन. लिहून ठेवतो.

चुनखडी | 21 सप्टेंबर 2025, सकाळी 8.20

काल रात्री इंडियानाने नवव्या क्रमांकाच्या इलिनॉयला 63-10 असे हरवले. ऑगस्टच्या यादीत इलिनॉय बारावा आणि इंडियाना विसावा होता, जरी जानेवारीच्या यादीत इंडियाना दहावा आणि इलिनॉय सोळावा होता. या उलटापालटीचे कारण तेव्हा असे सांगितले गेले की, इलिनॉयचा क्वार्टरबॅक आणि बहुतेक सगळे खेळाडू कायम आहेत. काल मेंडोझाने 23 पैकी 21 पास पोहोचवले आणि त्यांतले पाच टचडाउनचे होते. पहिले तीन सामने जिंकूनही संघ विसाव्याच्या आसपासच रेंगाळत होता, आणि प्रतिस्पर्धी दुबळे असल्यामुळे त्याला माझी तक्रारही नव्हती. आता आहे.

कोलंबसवासी | 21 सप्टेंबर 2025, सकाळी 10.45

सामना मी पाहिला आणि थक्क झालो, हे मान्य करतो. परंतु एक शंका अशी की, या निकालाने इंडियाना कमी लेखला गेला होता हे सिद्ध झाले की इलिनॉयला डोक्यावर चढवले होते हे? दोन्ही शक्य आहेत आणि एका सामन्यावरून त्यांची वाटणी करता येत नाही. ओरेगनची वाट पाहू.

जुनाजाणता | 13 ऑक्टोबर 2025, सकाळी 11.10

ओरेगन 20, इंडियाना 30, तेही ओरेगनच्या अंगणात. कोलंबसवासी यांच्या शंकेचे निरसन झाले असावे.

मात्र या आठवड्यातली मोठी गोष्ट मला दुसरीकडे दिसते. ऑगस्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर असलेला पेन स्टेट ओरेगनकडून दुसऱ्या जादा वेळेत 30-24, तोवर एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएकडून 42-37 आणि परवा घरच्या मैदानावर नॉर्थवेस्टर्नकडून 22-21 असा ओळीने तीनदा हरला. प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना काल काढून टाकण्यात आले. टेक्सास पहिल्याच सामन्यात ओहायो स्टेटकडून 14-7 आणि नंतर फ्लोरिडाकडून 29-21 असा हरला. ऑगस्टचे पहिले दोन्ही संघ गेल्या आठवड्याच्या यादीत पंचविसांबाहेर होते.

फ्रँकलिन यांच्या बाबतीत हा आकडा नुसता शोभेचा राहिला नाही, असे मला वाटते. विसाव्या क्रमांकाचा संघ तीन सामने हरला तर त्याला खराब महिना म्हणतात. दुसऱ्या क्रमांकाचा संघ हरला तर विश्वासघात म्हणतात. अपेक्षा त्या मतदारांनी वाढवून ठेवली आणि किंमत मोजली दुसऱ्याने.

बॉयलरखोलीतला | 13 ऑक्टोबर 2025, दुपारी 4.35

नोव्हेंबरच्या अखेरीस बकेटचा सामना आमच्या मैदानावर आहे. यंदा गाडी मी स्वतःची नेणार आहे.

प्रश्नार्थक | 21 जानेवारी 2026, सकाळी 10.05

हा धागा वर काढण्याची जबाबदारी कोणीतरी घ्यायला हवी, म्हणून मी घेतो. परवा मायामीत, मायामी विद्यापीठाच्याच संघाला 27-21 असे हरवून इंडियाना राष्ट्रीय विजेता झाला. सोळा सामने, सोळा विजय. चौथ्या क्वार्टरमध्ये चौथ्या डाउनला, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या शेवटच्या संधीला, मेंडोझा स्वतः चेंडू घेऊन बचाव फळीला अंगावर घेत गोलरेषेपर्यंत झेपावला, तेव्हा पुण्यात सकाळ झाली होती आणि मी कामावर उशिरा पोहोचलो. भाच्याला विचारायचे होते ते इथेच विचारतो. ऑगस्टची यादी किती चुकली, हे मोजता येते का?

आकडेमोड | 21 जानेवारी 2026, दुपारी 12.50

एक साधी पद्धत सांगतो. ऑगस्टमध्ये अठराव्या क्रमांकापासून तेविसाव्यापर्यंत ओक्लाहोमा, टेक्सास ए अँड एम, इंडियाना, ओल मिस, आयोवा स्टेट आणि टेक्सास टेक असे सहा संघ होते. आयोवा स्टेट वगळता पाचही प्लेऑफमध्ये पोहोचले. त्यांच्या वरच्या पट्ट्यात, म्हणजे अकरापासून सतरापर्यंत, अॅरिझोना स्टेट, इलिनॉय, साउथ कॅरोलिना, मिशिगन, फ्लोरिडा, सदर्न मेथडिस्ट आणि कॅन्सस स्टेट असे सात संघ होते. त्यांतला एकही पोहोचला नाही. साउथ कॅरोलिना आणि फ्लोरिडा हे दोघे तर चार विजय आणि आठ पराभवांवर थांबले. पहिल्या दहांतून ओहायो स्टेट, जॉर्जिया, ओरेगन, अलाबामा आणि मायामी हे पाच आले. उरलेल्या दोन जागा तुलेन आणि जेम्स मॅडिसन या ऑगस्टच्या यादीत नसलेल्या संघांनी घेतल्या. सिग्नेटी सोडून गेले त्या विद्यापीठाचाही संघ याच वर्षी प्लेऑफमध्ये यावा, हा योगायोग चुनखडी यांच्या बिऱ्हाडाच्या मुद्द्याला थोडा अडचणीचा आहे. मागे राहिलेले घरही ओस पडले नव्हते.

थोडक्यात, वरच्या दहांची निवड अर्धीमुर्धी बरोबर होती आणि मधला पट्टा उलटा लावला असता तर जास्त बरोबर ठरला असता.

कोलंबसवासी | 21 जानेवारी 2026, सायंकाळी 7.30

अभिनंदन, चुनखडी. बिग टेनच्या अंतिम सामन्यात तुम्ही आम्हाला 13-10 हरवलेत, अलाबामाला 38-3 आणि ओरेगनला पुन्हा 56-22. एवढ्यावर वाद घालण्याइतका मी हट्टी नाही.

तरीसुद्धा ऑगस्टमध्ये विसावा क्रमांक देणारा मतदार मूर्ख होता, हे मी मान्य करणार नाही. त्याच्या हातात त्या दिवशी जे कागद होते, त्यांत मेंडोझा हा सहा सामने जिंकलेल्या संघाचा क्वार्टरबॅक होता, मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइजमन करंडकाचा मानकरी नव्हता. पेन स्टेटविरुद्ध शेवटच्या मिनिटात ओमर कूपरने मैदानाच्या मागच्या रेषेवर एका पायाच्या टोकावर तो झेल घेतला नसता, तर 27-24 ऐवजी पराभव लिहिला गेला असता. आयोवाविरुद्ध 20-15 होते. सोळाच्या सोळा सामने जिंकणाऱ्या संघात गुणवत्ता असतेच, पण अशा दोन-तीन क्षणांचे देणेही असते, आणि ते ऑगस्टमध्ये कोणालाच दिसत नाही. निकाल चुकला म्हणून अंदाज बांधण्याची पद्धत चुकली, असे प्रत्येक वेळी म्हणता येत नाही.

चुनखडी | 21 जानेवारी 2026, रात्री 11.20

कोलंबसवासी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मतदाराला मी मूर्ख म्हटले नव्हते, घराणे पाहणारा म्हटले होते, आणि टेक्सास, पेन स्टेट व क्लेम्सन यांच्याकडे बघता तो आरोप मागे घ्यावा असे मला वाटत नाही. कूपरच्या झेलाबाबत मात्र तुमचे बरोबर आहे. तो चेंडू हवेत असताना मी दिवाणखान्यात खाली मान घालून बसलो होतो. मुलीचा फोन आला तेव्हा मला टचडाउन झाल्याचे कळले.

आज जुनी वही काढून पाहिली. त्या 12 ऑगस्टला मी इथे लिहिण्यापूर्वी माझे पंचवीस संघ पेनाने लिहिले होते. इंडियाना अकरावा आहे, तसे मी इथे सांगितलेच होते. जे सांगितले नव्हते ते असे की, त्यात पेन स्टेट तिसरा आणि क्लेम्सन पाचवा आहे, फ्लोरिडा चौदावा, आणि टेक्सास टेकचे नाव कुठेच नाही.